आखडलेली बोटं

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचलेले लोक मला विचारतात, खुर्ची मिळाली की पुढचं जमतं ना? नसीमाताईंचे पाय गेले, हात शाबूत होते. मानेतल्या मज्जारज्जूला मार लागला की प्रश्न हातांपासूनच सुरू होतो. पाचव्या खंडापर्यंत वाचलं तर कोपर वाकतं, सहावा वाचला तर मनगट वर उचलता येतं, सातवा वाचला तर कोपर जोर लावून सरळ होतं. बोटं मिटवणारे स्नायू त्याच्याही खालच्या खंडांच्या हाताखाली.

नंदगडचा एक तरुण फणसाच्या झाडावरून पडला आणि सहाव्यावर थांबला. त्याच्या आईची शुश्रूषा मला नेहमी आठवते. दर दोन तासांनी कूस बदलायची हा नियम लुडविग गुटमन यांनी १९४४पासून इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला हट्टानं पाळायला लावला. ही बाई रात्री गजर लावून तो पाळायची. पाठीवर एक जखम नाही. पण संध्याकाळी तेल लावून ती मुलाचं मनगट वर धरायची आणि एकेक बोट ताणून सरळ करायची.

“मावशी, बोटं थोडी आखडू देत,” मी म्हटलं.

“म्हंजे वाकडीच ऱ्हाणार काय वो?”

मग तिच्याच हातावर दाखवलं. पंजा सैल सोडून मनगट उचललं की बोटं आपोआप मिटतात, अंगठा तर्जनीला टेकतो. मनगट खाली पडलं की उघडतात. पाणी काढताना रहाट फिरला की दोर गुंडाळतो तसंच, दोर मात्र लांब झाला तर रहाट नुसताच फिरतो. या मुलाला पकड मिळणार ती एवढीच, आणि ती बोटांच्या थोड्याशा आखूडपणावर उभी. तेव्हा बोटं सरळ करायची ती मनगट खाली सोडून, मिटायची ती मनगट उचलून. सांधे कडक होऊ द्यायचे नाहीत, ताणायचेही नाहीत. खाटेवरून खुर्चीत सरकताना पंजा पसरून टेकायचा नाही, बोटं मिटूनच. हे शेवटचं सगळे विसरतात, शिकलेलेसुद्धा.

काही महिने गेले. भाकरीचा तुकडा धरता यावा म्हणून आई वाट बघत होती. त्यानं आधी धरला तो मोबाईल. तिला ते मुळीच आवडलं नाही.