भात जास्त शिजलाय म्हणे

इंग्रजीत ‘राइस’ म्हटलं की काम संपतं. शेतात उभा तोही राइस, ताटात वाफाळतो तोही राइसच. (‘पॅडी’ आहे, पण तो मलाय भाषेतून उचललेला.) आमच्या आजऱ्यात एवढ्यावर भागत नाही. रोपं म्हणजे तरवा, पीक म्हणजे भात, कांडला की तांदूळ, तुटली की कणी, शिजला की पुन्हा भात आणि त्यातला एक दाणा म्हणजे शीत.

मी घरी बसून भाषांतरं करते आणि वर्षभर मोबाइलवर स्पॅनिश शिकतेय. तिथेही शब्द एकच, ‘आर्रोस’, अरबीतून आलेला. स्पेनमध्ये भातशेती रुजवली तीही अरबांनीच. पण वाक्प्रचार अस्सल घरचे. कितीही विचारलं तरी समोरचा दाद देत नसेल, तर तिथे म्हणतात, ‘भात हवा का, कातालिना!’ मी वहीत त्यासमोर ‘वाटाण्याच्या अक्षता’ लिहिलं. तंतोतंत नाही जमत. कातालिना ऐकतच नाही; वाटाण्याच्या अक्षता लावणारा सगळं ऐकतो, मान डोलावतो, आणि हाती काही पडू देत नाही.

दुसऱ्या वाक्प्रचाराशी मात्र अडले. लग्नाचं, मुलाबाळांचं वय टळत चाललेल्या बाईला स्पॅनिशमध्ये ऐकवतात, ‘तुझा भात जास्त शिजेल हं.’ मी ३१ वर्षांची आहे. आत्ती दर दिवाळीला विचारते, “काय गं, अक्षता कवा टाकायच्या आम्ही?” प्रश्न तोच, दाणाही तोच. पण अक्षता म्हणजे न मोडलेला, न शिजलेला तांदूळ. त्याला चुलीची घाई नसते. शब्दशः ‘भाताचा गिचका झाला’ केलं तर वाचणारा स्वयंपाकच समजेल. ‘घोडनवरी’ अर्थाला चपखल बसतो, पण स्पॅनिश टोमणा निदान पातेल्याआड लपतो. हा थेट अंगावर येतो. मला तो लिहवत नाही.

शेवटी आत्तीलाच विचारलं. ती घनसाळ निवडत होती. २०१६ साली मानांकन मिळालेला हाच तो आमचा वासाचा तांदूळ. स्पॅनिश टोमणा ऐकून ती खदखदून हसली.

“जास्त शिजला तर शिजला. मीठ घालून पेज प्यायची की!”

आणि सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, “गडहिंग्लजचं एक स्थळ आलंय बघ.”