पकडीचे वळ

पनवेलहून बंदराकडे निघालेल्या कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत आले, की खाडीलगत सिडकोने वसवलेली द्रोणागिरी लागते. आम्ही उभयता निवृत्तीनंतर येथे राहावयास आलो. 2024 च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल सुरू झाली तेव्हा हे नाव रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही आले होते. मूळचे ते उरणच्या डोंगराचे. मूर्च्छित लक्ष्मणासाठी मारुती पर्वत घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे पडला, असे इकडचे लोक सांगतात. संजीवनीची मुळी नेमकी कोणती हे मारुतीला ओळखता आले नाही, म्हणून त्याने अख्खा पर्वतच उचलला. आम्हां दोघांचे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. ही कथा आम्ही वर्गात भक्तीची आणि शक्तीची कथा म्हणून सांगत आलो. ती निदानाचीही कथा आहे, हे आमच्या ध्यानात आले ते गेल्या जानेवारीत, एका थंड पडलेल्या रेडिएटरमुळे.

रेडिएटर अर्थातच आमच्या घरातला नव्हे. येथे पौषातल्या पहाटे एखादी गोधडी अधिक लागते, एवढाच आमचा हिवाळा. आमची लेक मात्र इंग्लंडात, लीड्स येथे राहते. एके रात्री दीड वाजता तिचा फोन आला. तिकडे रात्रीचे आठ वाजले होते. जावई कामानिमित्त परगावी होते. चार वर्षांच्या नातवाला त्या आठवड्यात प्रथमच स्वतःची खोली मिळाली होती आणि त्याच खोलीतला रेडिएटर तापत नव्हता. बाहेरच्या भिंतीला ओल धरून काळे ठिपके उमटले होते, मुलगा खोकत होता आणि कारागीर येणार होता आठवड्याने. "तुम्ही काही करावं म्हणून नाही हो फोन केला," लेक म्हणाली. आईबापांना अपरात्री उठवणाऱ्या मुली बहुधा असेच म्हणतात.

उष्णतेच्या यंत्रशास्त्रातला आमचा अधिकार तांब्याच्या बंबापुरता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतावे आणि तोटीतून कढत पाणी घ्यावे. बंबाचे बिघाड आम्हांस ठाऊक होते ते दोनच : राख साचली असेल, नाहीतर लाकूड ओले असेल. तिकडची व्यवस्था म्हणजे एका अर्थी घरभर पसरलेला बंब. स्वयंपाकघरातल्या बॉयलरमध्ये गॅसवर पाणी तापते, पंप ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतो आणि उष्णता देऊन निवलेले पाणी दुसऱ्या नळीने परत येते. खोलीतले पोलादी पाट म्हणजे रेडिएटर. ते शक्यतो खिडकीखाली बसवतात, कारण काचेवरून उतरणाऱ्या गार हवेला तेथेच अडवता येते. सेंट पीटर्सबर्गच्या फ्रांझ सान गाल्लीने 1850 च्या दशकात असे यंत्र घडवले. नावात किरण फेकण्याचा अर्थ असला, तरी खोली तापते ती बरीचशी हवाच तापून वर चढल्याने.

नातवाला थोरल्या पलंगावर, आईच्या खोलीत निजवून लेक फोनचा कॅमेरा उघडून बसली. आम्ही इकडे चष्मे लावून बसलो. पहिला प्रश्न असा, की घरातले बाकीचे रेडिएटर गरम आहेत का? होते. म्हणजे बॉयलर आणि पंप निर्दोष. दुसरा प्रश्न, हा थंड आहे तो कुठे? येथे हाताचा स्पर्श हेच प्रमाण. वरचा भाग थंड आणि खालचा गरम असेल, तर आत हवा अडकलेली असते. हवा हलकी म्हणून ती वर जमते आणि पाण्याला तेथे शिरू देत नाही. खालचा मधला भाग थंड आणि कडा गरम असतील, तर तळाशी गाळ बसलेला असतो. हा गाळ म्हणजे पोलाद आतून गंजून झालेला काळा चिखल. आमच्या लेकीचा रेडिएटर या दोन्ही वर्णनांत बसेना. तो वरपासून खालपर्यंत सारखाच गार होता.

तरीही आम्ही हवेपासूनच आरंभ केला. निदानात सोपे कारण आधी तपासावे एवढा विवेक आम्हांस होता. बॉयलर बंद करून, पाणी निवू देऊन, वरच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकोनी खिळीला चावी लावून लेकीने ती पाव फेरा उलटी फिरवली. हवा असती तर फुस्स असा आवाज झाला असता. तसे काही झाले नाही. पाण्याची बारीक धार लागली आणि तिने खाली धरलेले फडके भिजले. पाणी काळे नव्हते. खिळी आवळून तिने खाली जाऊन बॉयलरवरचा दाब पाहिला. तो एक बारच्या थोडा वर, म्हणजे असावा तेथे होता. दोन कारणे अशी निकालात निघाली.

आता उरला व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या एका टोकाला आकडे लिहिलेली मूठ असते. डेन्मार्कच्या मॅड्स क्लॉसन यांनी 1943 मध्ये शोधलेली ही युक्ती मोठी सुरेख आहे. मुठीच्या आत उष्णतेने फुगणारा पदार्थ भरलेला असतो. खोली तापली की तो फुगतो, एक खुंटी दाबतो आणि पाण्याची वाट अरुंद करतो. खोली निवली की खुंटी परत वर येते. उन्हाळाभर मूठ बंद राहिली तर ही खुंटी कधीकधी खालीच चिकटून बसते. कपाट सरकवून लेकीने मूठ सोडवली आणि बोटाने खुंटी दाबून पाहिली. ती दबली आणि उसळून वर आली. बॉयलर पुन्हा सुरू केल्यावर तेथली नळी व्हॉल्व्हपर्यंत कोमट लागू लागली. पाणी दारापर्यंत येत होते आणि आत शिरत नव्हते.

या वेळी आम्ही पर्वत उचलण्याच्या बेतात होतो. नळीत कुठे बुडबुडा अडला असेल, पंप अशक्त झाला असेल, मुळात नळ्यांची मांडणीच चुकली असेल, असे एकेक थोर तर्क आम्ही येथून करीत होतो. टीकेच्या ग्रंथांत वावरलेल्या माणसाला साधे कारण अपुरे वाटते. लेक मध्येच म्हणाली, "बाबा, दुसऱ्या टोकाला एक पांढरं टोपण आहे. ते काय असतं?"

आम्ही दोघेही गप्प झालो.

तिने टोपण उपटले. आत पितळी दांडी होती. कॅमेरा जवळ नेत ती म्हणाली, "ह्याच्यावर पकडीचे वळ आहेत."

शाकुंतलात कोळ्याला सापडलेली मुद्रिका पाहून दुष्यंताला सारे स्मरते. आम्हांसही त्या वळांवरून सारे स्मरले. आदल्या हिवाळ्यात आम्ही तीन महिने त्याच खोलीत राहिलो होतो. समुद्राकाठच्या दमट हवेत वाढलेली आमची शरीरे त्या घरातल्या कोरड्या उबेला सरावत नव्हती. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. ओठ फुटत, घसा सुकत असे, झोप मोडत असे. लेकीला एवढेच सांगावयाचे होते, की बाई, आमच्या खोलीत उष्मा जरा कमी कर. ते आम्ही सांगितले नाही. मुलीच्या घरी राहावयास जाताना आपल्याकडची माणसे बरोबर जो संकोच नेतात, तो आमच्याही सामानात होता. आधीच दोघांचे करता करता तिची दमछाक होत होती. त्यात पाहुण्यांनी तक्रारी काय कराव्यात! आकड्यांची मूठ कपाटाआड होती, पांढरे टोपण हाताशी होते. एका दुपारी लेक बाहेर गेली असता आमच्यापैकी एकाने जावयांची पकड आणून ती दांडी गच्च आवळली आणि दुसरीने जिन्याकडे लक्ष ठेवले. रात्री झोप छान लागली. मार्चअखेर आम्ही परत आलो. पुढे उन्हाळा लागला, खोलीत अडगळ ठेवली गेली आणि मुलगा तेथे निजू लागेपर्यंत कोणाला काही कळण्याचे कारणच उरले नाही.

कबुली द्यावयास आम्हांस दोन मिनिटे लागली असतील. लेक ऐकून काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हांला इथे थंडी सोसत नाही. म्हणून मी उलट उष्मा वाढवून ठेवत होते." ज्या उबेपासून आम्ही पळत होतो, ती आमच्यासाठीच मुद्दाम वाढवलेली होती!

दांडी उघडताना आणखी एक गोष्ट समजली. हा दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह चालू-बंद करण्यासाठी नसतोच. सर्व रेडिएटरांना पाणी सारखे पोहोचावे म्हणून बसवणारा कारागीर प्रत्येकाची दांडी मोजून उघडी ठेवतो आणि कोणी छेडू नये म्हणून वर टोपण घालतो. पाणी सोपी वाट धरते. बॉयलरजवळचे पूर्ण मोकळे ठेवले तर ते सारे पाणी ओढून घेतात आणि शेवटचा गारठतो. आपल्याकडे कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला हे यांत्रिकी शिकवावे लागत नाही. म्हणूनच दांडी बंद करण्यापूर्वी फेरे मोजून लिहून ठेवायचे असतात. आम्ही मोजले नव्हते. लेकीने त्या रात्री ती पूर्ण उघडली. अर्ध्या तासात पाट तापला आणि ती हात ठेवून तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या न्हाणीघरातला रेडिएटर कोमट पडला. मग तिने रोज पाव फेरा आवळत, दोन्हींवर हात ठेवून पाहत, चार दिवसांत तोल साधला. भिंतीवरची बुरशी पुसून काढली, खिडकी रोज थोडा वेळ उघडू लागली. मुलाचा खोकला पुढच्या आठवड्यात उतरला. कारागिराला यावे लागले नाही.

आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत आलो, की संहिता वाचताना वाचकाने आपले पूर्वग्रह तपासावेत. त्या रात्री आम्ही हवा तपासली, गाळ, दाब, खुंटी, सारे तपासले. त्या खोलीत तीन महिने राहून गेलेली दोन माणसे मात्र आमच्या यादीत नव्हती. लेकीचा खोकणारा मुलगा आणि आमचे न बोलणे यांत एक नळी आहे, हे आम्हांस पितळेवरचे वळ दिसेपर्यंत उमगले नाही. संकोचाला आपण सभ्यता म्हणतो. त्याची किंमत बहुधा दुसरा कोणी तरी, पुष्कळ उशिरा आणि कारण ठाऊक नसता, चुकती करीत असतो.

येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. परवा फोनवर लेकीने विचारले, "खोलीत किती ठेवू?" आम्ही सवयीने म्हणालो, "तुला सोयीचं असेल ते." पलीकडे शांतता पसरली. मग आम्ही म्हणालो, "दोनवर ठेव. आणि रात्री बंद." तिने ते लिहून घेतले. पांढऱ्या टोपणाच्या आत, असे ती सांगते, आता शाईने लिहिलेले आहे : दीड फेरा.