डुक्कर वाढत नाही, की वाढू दिलं जात नाही?



शिरूर कासारला वस्तीवर काम करताना आमच्याकडून एक चूक झाली, ती आधी कबूल करतो. तीन-चार डुकरं पाळणाऱ्या एका कैकाडी काकांना आम्ही ऐटीत सांगितलं, "काका, ही घाण सोडा आता." काका म्हणाले, "सोडतो की सर. पर त्याच्या जागी काय धरू, तेबी सांगा." आमच्या एम.ए.च्या एकाही पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

मग आम्ही खाली बसून हिशोब ऐकला. जनावरं दिवसभर उकिरड्यावर मोकाट. संध्याकाळी हॉटेलातलं खरकटं. वर्ष सरलं तरी अंग भरत नाही. व्यापारी "गावठी जात" म्हणत भाव पाडतो.

गावठी जात हळू वाढते, हे खरं. पण वाढत्या पिलाच्या खाद्यात 16 ते 20 टक्के प्रथिनं लागतात. भात-भाकरीत ती जेमतेम निम्मी. त्यात पोटात जंत, म्हणजे खाल्लेलंही अंगी लागत नाही. पेंड म्हणून सरकी घालावी तर तिच्यातलं गॉसिपॉल डुकराला बाधतं. कच्चं सोयाबीन नीट पचत नाही. ज्वारी-मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, थोडं क्षारमिश्रण, उकळलेलं खरकटं आणि वेळेवर जंताचं औषध, एवढ्यानं फरक पडतो. पण हे काकांना सांगायला वस्तीवर आलं कोण? आणि पेंडीला पैसा कुठून?

बाबासाहेबांनी 1918 मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडा लहान म्हणूनच शेती तोट्यात जात नाही, त्यावर लावायला भांडवल आणि अवजारं किती, यावर ते ठरतं, असं त्यांनी मांडलं. तीन डुकरांनाही तोच न्याय लागतो. सरकार मात्र उलटं चालतं. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021 च्या नियमांत 100 माद्या आणि 10 नरांच्या प्रकल्पाला 30 लाखांपर्यंत अनुदान, तेही निम्म्याच खर्चाचं. उरलेला निम्मा ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला कोणती बँक देणार?

आम्ही जातीनं लादलेल्या धंद्याचा गौरव करत नाही. काकांची मुलगी शिकून बाहेर पडलीच पाहिजे. पण तिच्या वह्यांचा खर्च आज याच डुकरांतून निघतो. धंदा सोडायचा की सुधारायचा, हे त्यांनी ठरवावं. तोपर्यंत तीन डुकरांच्या मालकालाही खाद्य, औषध आणि कर्ज मिळावं, यासाठी पंचायत समितीत अर्ज घेऊन आपण उभं राहायचं. नाक दाबून उपदेश करणं म्हणजे चळवळ नव्हे.

जय भीम! जय संविधान!