कापड

आमच्या घरात 'कापड' हा शब्द काढायची सोय नव्हती. बाप मुंबईहून येताना पोरांसाठी चार वार छीट आणायचा. आम्ही नाचायचो, "कापड आलं, कापड आलं!" आजी अंगावर धावून यायची. "मुडद्यांनो, त्वांड धुवा. अंगडं आलं म्हना, धडुतं म्हना."

का, ते मोठेपणी कळलं. गावात कुणी मेलं की आजा सांगावा घेऊन वाड्यावस्त्या तुडवायचा. सरणाची लाकडं फोडायचा. त्याच्या बदल्यात मढ्यावर सोयऱ्यांनी घातलेलं कापड आमचं. हक्क म्हणायचे त्याला! महारकीचा हक्क. आजा परतला की आजी दारातनंच विचारायची, "कापड घावलं का?" आमच्यात कापड म्हणजे तेवढंच. ती ते नदीवर आपटायची, उन्हात टाकायची, आणि बापाला अंगडं शिवायची. बाप शाळेत दाराबाहेर बसायचा. एका पोरानं किनार ओळखली. "ह्ये तर आमच्या म्हातारीवर घातल्यालं!" बाप अंगडं ओढ्यात फेकून उघडाच घरी आला. आजीनं त्याला मारलं. मग रात्रभर रडली.

कॉलेजात गेल्यावर मी शब्दाचं मूळ शोधलं. संस्कृतात कर्पट, पालीत कप्पट, प्राकृतात कप्पड, मराठीत कापड. हिंदीतला कपडा त्यातलाच. गोव्यात साडीलाच कापड म्हणतात. आणि कर्पट म्हणजे काय? ठिगळाचं, फाटकं धडुतं. चिंधी! आज दुकानाच्या पाटीवर ऐटीत बसलेला शब्द उकिरड्यावरनं आलाय. देवाला मात्र वस्त्र.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिलंय, चांडाळानं प्रेतावरची वस्त्रं नेसावीत. म्हणजे आजीच्या दारात जे पडत होतं, ते पोथीतनं आलं होतं.

एक मित्र म्हणाला, "अरे, भिक्खूसुद्धा स्मशानातल्या चिंध्यांचं चीवर शिवत. पंसुकूल. तुझ्या आजीनं चीवरच शिवलं की!" नाही, दोस्ता. जीवकानं वस्त्र दिलं, तेव्हा बुद्धानं गृहस्थांनी दिलेलं चीवर घ्यायची मोकळीक दिली. हवं त्यानं पंसुकूल वापरावं, हवं त्यानं हे. भिक्खूला नको म्हणता येत होतं. आजीला येत नव्हतं. चिंधी तीच. पण एक आपण होऊन उचललेली, दुसरी गळ्यात मारलेली. ह्या दोन्हींत गल्लत करू नका.

बाप पुढं गिरणीत लागला, रिंगखात्यात. कापड विणायचं ते साचेखात्यात, पगारही तिथं जास्त. तिथं आमच्या माणसाला घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि महाराच्या थुंकीनं सूत बाटायचं! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. हिशेब बघा. त्यांच्या मढ्यावरचं कापड आमच्या अंगाला चालतं. आमच्या ओठाचं सूत त्यांच्या अंगाला चालत नाही.

1956 साली नागपूरला दीक्षा झाली. मागोमाग आमच्या गावानंही धम्म घेतला, महारकी टाकली. आजी पांढरं लुगडं घ्यायला बाजारला गेली. मी बरोबर होतो. दुकानदारानं लांबूनच विचारलं, "काय पायजे गं?" आजीनं कनवटीचं पैसं काढून फळीवर ठेवलं. म्हणाली, "कापड. नवं. आन गं कुनाला म्हंतुस? ईकत घ्याया आलीया."

तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

1971 ला ती गेली. तिच्यावरचं पांढरं कापड आम्ही कुणाला दिलं नाही, कुणी मागायलाही आलं नाही. ते तिच्याबरोबर जळलं.