तेल आधी कोणाला?

मोटार दिसली की माणसे तिचा रंग पाहतात, वेग विचारतात. तिच्या पोटात तळाशी काय चालले आहे, हे विचारणारा विरळाच. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांचे नटबोल्ट आवळण्यात माझा जन्म गेला. पण फोर्ड कंपनीच्या 427 या शर्यतीच्या एंजिनाची हकीगत वाचली आणि मीही त्या तळघरात उतरलो.

तिथे क्रँकशाफ्ट राहतो. वरचे दट्टे नुसते वरखाली नाचतात. त्या नाचातून चाक फिरवायचे ते याने. फेरे दुप्पट झाले की दट्ट्यांची ओढाताण चौपट होते. तो भार बेअरिंगांवर, आणि शाफ्ट व बेअरिंग यांच्यामध्ये केवळ तेलाचा केसाहून बारीक पापुद्रा! तो फाटला की धातूला धातू भिडतो आणि खेळ आटोपतो.

म्हणून पाच मेन बेअरिंगांपैकी मधल्या तिघांच्या टोप्या उभ्या बोल्टांखेरीज बाजूच्या आडव्या बोल्टांनीही आवळल्या. पण मला खरा भावला तो 1965 सालचा बदल. तोवर तेल आधी वर कॅमशाफ्टकडे जाई, मग खाली क्रँककडे उतरे. नव्या ब्लॉकमध्ये बाजूने वेगळी वाट काढून ते आधी क्रँकला दिले. 1966 च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या सात लिटरच्या एंजिनांच्या फोर्ड गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या.

आमच्या घरी नरकचतुर्दशीला आई सर्वांआधी उठे. आधी वडिलांना तेल, मग पाहुण्यांना, मग आम्हां भावंडांना. वाटीच्या तळाला जे उरे, ते तिच्या केसांना. जेवणाचा क्रमही हाच. तिने कधी कुरकुर केली नाही. बेअरिंगही अखेरच्या घटकेपर्यंत कुठे कुरकुरते? बावन्नाव्या वर्षी तिने अंथरूण धरले, तेव्हा डॉक्टरांनी नाडी पाहून एवढेच विचारले, "या जेवतात केव्हा?" घरात कोणालाच उत्तर देता आले नाही.

वाचकहो, यंदा अभ्यंगाची वाटी भरली की पहाटे चारला गॅसपाशी उभे असलेल्या माणसाला आधी पाटावर बसवा. घराचा वेग त्याने कमी होणार नाही. ल मांला झाला नव्हता.