पाठीमागून येणारा खो

सोलापूरची संध्याकाळ उशिरा निवते. उन्हाळ्यात तर पाच वाजून गेले तरी मैदानाची माती तळपायाला चटका देत असते, आणि तिच्यावर पाणी मारायचं तर तेही जपून, कारण शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि ज्या घरची पाळी असेल त्या घरचं मूल आधी हंडे भरतं, मग ओल्या बाह्यांनी धापा टाकत मैदानावर येतं. शिंपडलेल्या मातीवर मी फक्की मारतो. दोन खांबांना जोडणारी मधली पाटी, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या, आणि जिथं त्या छेदतात तिथं जेमतेम फूटभराचा एकेक चौकोन. तिरप्या उन्हात ती पांढरी रेघ इतकी ताजी दिसते की तिच्यावर पहिलं पाऊल पडू नये असं वाटतं.

मग आठ चौकोनांत आठ मुलं येतात आणि मी त्यांना बसायला शिकवतो.

खो-खो शिकायला आलेल्या पोराला याहून मोठी निराशा नाही. त्याच्या पायांत वारं भरलेलं असतं. त्याला पळायचं असतं, हुलकावणी द्यायची असते, खांबावर झेपावायचं असतं. आणि हे सर येऊन-जाऊन म्हणतात, बस. "सर, नुसतं बसवायलात की! पळायचं कधी?" दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. मी त्याच्या शेजारी खाली वाकतो. दोन्ही पाय चौकोनात. पंजे समांतर, टाचा किंचित उचललेल्या, म्हणजे अंगाचा भार चवड्यांवर यावा. हातांची बोटं समोर जमिनीला नुसती टेकलेली, तिच्यावर रेललेली नाहीत. पाठ वाकलेली पण ढिली नाही, मान वर, नजर समोरून जाणाऱ्या पायांवर. असं नीट बसलेलं मूल पाहिलं की त्याच्या पोटऱ्यांत काहीतरी थरथरताना दिसतं. धाव तिथं आधीच सुरू झालेली असते, फक्त ती अजून जमिनीवर उमटलेली नसते.

या खेळाचं एक विलक्षण आहे. समोरून गडी जातो, हाताच्या अंतरावरून जातो, त्याच्या पायांनी उडवलेली माती तोंडावर येते, आणि तरी उठता येत नाही. शेजारचा पलीकडं तोंड करून बसलेला, त्याला दिसतं ते मला दिसत नाही आणि मला दिसतं ते त्याला. अर्धं मैदान प्रत्येकाच्या पाठीला असतं. त्या अदृश्य अर्ध्यातून पावलं जवळ येतात, श्वास जवळ येतो, घामाचा आणि तापलेल्या मातीचा वास जवळ येतो, आणि मग पाठीवर एक तळवा पडतो, कानाशी आरोळी उठते, आणि तोवर दगडासारखं बसलेलं मूल सुटतं.

खो.

ज्यानं दिला तो त्याच क्षणी त्याच रिकाम्या चौकोनात बसतो. आत्ता-आत्तापर्यंत तोच सगळ्यांच्या डोळ्यांत होता, एवढं धावला, गडी टप्प्यात आणला, आणि बाद करण्याचा आनंद मात्र दुसऱ्याच्या हाती देऊन तो गुमान खाली बसला. मुलांना हे मी कधी समजावून सांगत नाही. त्यांच्या अंगाला ते आपोआप कळतं, शब्दांच्या आधी.

पूर्व भागातून येणारी एक मुलगी होती. घरात आई विड्या वळते, बाहेर यंत्रमागांची खटखट दिवसरात्र. ती बोलायची फार कमी. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि मैदानावर बहुतेक काहीच नाही. तिचा खो मात्र सगळ्यांना हवा असायचा. बाकीची मुलं जोशात धपाटा घालत, बसलेल्याचा तोल जाई, पहिलं पाऊल वाकडं पडे. आणि खो-खोत धावणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की मागं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही; पहिलं पाऊल चुकलं की खांबापर्यंत ती चूक पळवत न्यावी लागते. तिचा हात पडायचा तो बरोबर खांद्याच्या पात्यांमधे, वजन न टाकता, तरी स्पष्ट. आईच्या सुपाशेजारी बसून पानाला पान लावताना ती बोटं काय शिकली असतील कोण जाणे. मी तिला हे शिकवलं नव्हतं. तिचा आवाजही फक्त त्या एका अक्षरापुरता मोठा व्हायचा, आणि तो मैदानाच्या कडेच्या लिंबापर्यंत जायचा.

बसणं अंगी भिनलं की पडणं. घरोघरी मुलांना सांगितलेलं असतं, जपून, पडशील. इथं मी त्यांना सांगतो, पड. माती भुसभुशीत करून घेतो, खडे वेचून घेतो, आणि गुडघ्यांवरून सुरुवात: हनुवटी वर, हात पुढं लांब, आधी तळवे, मग छाती, मग पोट, अंग जमिनीवर घसरत जाऊ द्यायचं, आपटू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी डोळे मिटलेले असतात. किती दिवस ते मिटलेलेच राहतात. मग एका संध्याकाळी कुणीतरी उघड्या डोळ्यांनी सूर मारतं, उठतं, दातांत माती, कोपरावर लाल ओरखडा, आणि आजूबाजूला असं बघतं की जमीन आजपासून त्याची झाली.

संक्रांत जवळ आली की आमच्या सरावात दुसराच एक सराव मिसळतो. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी नंदीध्वज पेलणारी माणसं संध्याकाळी रस्त्यावर सरावाला निघतात. एवढा उंच ध्वज, त्याचा सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर. मुलांना घेऊन मी मुद्दाम थांबतो. बघा, पायाकडं कोण बघतंय? कुणीच नाही. नजर वर, शेंड्याकडं, आणि पावलं खाली आपली आपण चालतात. दुसऱ्या दिवशी मैदानावर बैठकीत माना आपसूक वर असतात.

2025च्या जानेवारीत होम मैदानावर त्याच यात्रेचा गड्डा भरला होता आणि त्याच आठवड्यात दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक चालू होता. पाळण्यांच्या गरगराटात, बत्ताशांच्या आणि भज्यांच्या वासात माझी पोरं एका मोबाईलवर डोकी टेकवून उभी. पडद्यावर झगमगते दिवे, गुळगुळीत मॅट, परदेशी संघ. 19 तारखेला दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून आपल्या मुली आणि मुलगे दोघेही जगज्जेते झाले. मुलींचा गुणफलक 78-40. पोरं नाचली. एकानं मात्र पडद्यावरच्या बसलेल्या खेळाडूवर बोट ठेवून म्हटलं, "सर, ती पण आपल्यासारखीच बसलीय की." माझ्या डोळ्यांपुढचे दिवे क्षणभर विरघळले.

त्यानंतर पालकांची वर्दळ वाढली. पोरगं राज्याला कधी जाईल, प्रमाणपत्राचे गुण किती, नोकरीत आरक्षण लागेल का. त्यांचं चूक कसं म्हणू? इथून जवळच्या धाराशिवची सारिका काळे याच मातीतून भारताची कर्णधार झाली, 2020 साली अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. आपल्याच जिल्ह्यातल्या वेळापूरला तर खो-खो गावाच्या अंगातच आहे. स्वप्नं हवीतच. चौदा वर्षांखालच्या सर्वोत्तम खेळाडूंचे 'भरत' आणि 'इला' हे राष्ट्रीय पुरस्कार माझ्या पोरांना तोंडपाठ आहेत. पण दहा वर्षांच्या मुलाला महिनाभरात सामन्यात उतरवा म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो, ठाम नाही म्हणतो. गुडघे अजून कोवळे असतात. मनही. न शिकता मारलेल्या एका सुरानं पोर जन्मभराची भीती घेऊन घरी जातं, आणि मग ते कुठल्याच मैदानावर येत नाही.

ती विड्या वळणाऱ्या आईची मुलगी आता कॉलेजात आहे. सुट्टीला येते आणि लहान गट तिच्याकडं असतो. परवा पाहिलं, तिनं मुलांना समांतर पंजांवर बसवलं नव्हतं. एक पाऊल किंचित मागं, शर्यतीच्या सुरुवातीला घेतात तसं. "असं का गं?" मी विचारलं. "खो आला की मागचा पाय ढकलतो सर, बघा," ती म्हणाली आणि एका चिमुरड्याला खो दिला. पोरगं निघालं ते सरळ, न डगमगता. मी मोठ्या गटाकडं गेलो आणि त्यांना म्हटलं, पंजे बदला, आज दुसरी बैठक करून बघू.