जागा आणि गणती

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांना दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील लोकांना अर्पण केलें, हें आपण जाणतों. त्याच वर्षीं तेथील दक्षिणेंतल्या साउथ कॅरोलिना राज्याच्या कनिष्ठ सभागृहांत कृष्णवर्णीयांचें बहुमत होतें, हें मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतो. ते सभासद लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाचे. जुन्या मळेवाल्या गोऱ्यांचा पक्ष डेमोक्रॅटिक. १८७७ पर्यंत उत्तरेनें हात काढून घेतला. पुढें १८९० सालीं मिसिसिपीनें मतदानावर कर व वाचनाची परीक्षा बसवून कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर केलें, आणि शेजारच्या राज्यांनीं तोच कित्ता गिरविला.

१९६५ चा मताधिकाराचा कायदा झाल्यावर रॉबर्ट क्लार्क नांवाचे एक शिक्षक १९६७ मध्यें मिसिसिपीच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. १२२ सभासदांत कृष्णवर्णी असे ते एकटे. दोघां सभासदांत मिळून एक मेज अशी तेथील रीत; पण क्लार्क यांच्या शेजारची जागा कित्येक वर्षें रिकामीच राहिली. पंगतींतले भेद ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना या रिकाम्या जागेचा अर्थ समजावून सांगावयास नको. १९९२ सालीं याच गृहस्थांना सभागृहानें सभापतींच्या खालोखालच्या पदावर निवडलें!

पण तोंवर पक्षांचे रंगच पालटत चालले होते. नागरी हक्कांच्या कायद्यांनंतर गोरे मतदार रिपब्लिकन पक्षाकडे वळले. आधीं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत, सर्वांत शेवटीं विधिमंडळांत. १९९० च्या खानेसुमारीनंतर कृष्णवर्णीयांचें बहुमत असलेले मतदारसंघ मुद्दाम आंखण्यांत आले. त्यांचे सभासद वाढले. परंतु भोवतालच्या ज्या मतदारसंघांतून त्यांचीं मतें उचललीं गेलीं, तेथील गोरे डेमोक्रॅट पडूं लागले. रिपब्लिकनांनीं या आंखणीस हौसेनें हात लावला तो काय उगाच?

१९३२ च्या पुणें करारानें अस्पृश्यांच्या जागा दुपटीहून अधिक झाल्या, पण अखेरची निवड सर्वांच्या मतांनीं व्हावयाची होती. तेथील रीत याच्या उलट, तरी पेंच तोच. माझें मत विचाराल, तर त्या आंखणीला मी दोष देणार नाहीं. ज्याच्या शेजारीं कोणी बसत नव्हतें, त्याला आधीं आपलीं माणसें आंत हवीं असणार.

२०१० सालीं अलाबामाचें विधिमंडळ १३६ वर्षांनीं रिपब्लिकनांकडे गेलें. २०११ च्या निवडणुकीनें मिसिसिपीचें प्रतिनिधिगृहही. तेथें कृष्णवर्णी सभासद आतां तिसांहून अधिक आहेत, जवळजवळ सारे डेमोक्रॅट. विधेयक संमत करावयाचें झालें, तर त्यांच्या मतांची गणती न करतांही भागतें.